देखणं न्हाणीघर, हरवलेला ढाळ

टीव्हीवर नवंकोरं बाथरूम उघडून दाखवतात तेव्हा आपण आरसा बघतो, लाद्या बघतो, नळाची झळाळी बघतो. प्लंबरची नजर बेसिनच्या खाली जाते. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या घरदुरुस्तीच्या कार्यक्रमांविषयी प्लंबर मंडळींची जी जुनी कुरकुर आहे, ती त्या हातभर जागेतूनच सुरू होते. कधी तिथे चुणीदार, हवा तसा वाकणारा प्लास्टिकचा पाइप लोंबत असतो. कधी ट्रॅपचा पाइप मागच्या भिंतीत शिरायचा सोडून वळसा घेऊन सरळ जमिनीत उतरलेला असतो. कॅमेरा तिथून घाईघाईने वर सरकतो, कारण मेणबत्त्या आणि घडी घातलेले टॉवेल वर मांडलेले असतात.

चुणीदार पाइप अमेरिकेतल्या प्लंबिंग संहितांना चालत नाही. आतून गुळगुळीत नसलेल्या पाइपात साबण, केस आणि चिकटा साचत जातो. जमिनीत उतरणारा तो वळसा म्हणजे एस-ट्रॅप, तोही नव्या कामात निषिद्ध आहे. ट्रॅप म्हणजे बेसिनखालचा वाकडा पाइप, त्यात दोन ते चार इंच पाणी कायम उभं राहायला हवं. घर आणि गटार यांच्यामध्ये आडोसा असतो तो तेवढ्या पाण्याचाच. एस-ट्रॅप असला तर बेसिन भरून सोडल्यावर खाली धावणारं पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं आणि गटारातली हवा वर यायला मोकळी होते.

याला कोणी किरकोळ नियम म्हणत असेल तर त्याने हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्सची हकीकत आठवावी. 2003 च्या सार्सच्या साथीत त्या एका वसाहतीतले 300 हून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात पुढे आलेल्या कारणांमध्ये बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप ठळक होते. लोक फरशी धुण्याऐवजी पुसत होते, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणी पडतच नव्हतं, आणि बाथरूमचे पंखे सांडपाण्याच्या उभ्या पाइपातली दूषित हवा घरात खेचत होते. दोन इंच पाण्याची किंमत ही अशी असते.

मग टीव्हीवर असलं काम दिसतं कसं? सोपं उत्तर असं दिलं जातं की वाहिन्या स्वस्तातले कारागीर धरून आणतात आणि सूत्रसंचालकाला यातलं काही कळत नसतं. मला ते पुरेसं वाटत नाही. बऱ्याच कार्यक्रमांत परवानाधारक प्लंबर असतात आणि त्यांना आपलं काम येत असतं. दोष माणसांचा कमी आणि कार्यक्रमाच्या घाटाचा जास्त आहे. ज्या कार्यक्रमाचा कळस म्हणजे मालकाला डोळे मिटायला लावून मग घर दाखवणं, त्याला प्लंबिंगमधलं चांगलं-वाईट दाखवताच येत नाही. त्या क्षणी दोन्ही कामं सारखीच दिसतात. फरक भिंतीच्या आत असतो, आणि तो बाहेर यायला काही महिने, कधी काही वर्षं लागतात. तोवर कार्यक्रमाचं पर्वच संपलेलं असतं.

एक उदाहरण जरा सविस्तर बघू. एचजीटीव्ही ही वाहिनी 30 डिसेंबर 1994 ला सुरू झाली. तिच्या कार्यक्रमांनी अमेरिकेतल्या मध्यमवर्गाला एक स्वप्न पुन्हा पुन्हा दाखवलं. स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि दिवाणखाना यांच्यामधल्या भिंती काढून टाकायच्या. घरमालकीण डोळ्यांना गॉगल लावून, मोठा हातोडा उचलून पहिला घाव घालते आणि सगळे टाळ्या वाजवतात. मग त्या मोकळ्या जागेच्या मधोमध दगडी ओटा येतो आणि ओट्यात सिंक. पाडलेल्या भिंतीत काय होतं, हा प्रश्न टाळ्यांमध्ये राहून जातो.

त्या भिंतीत अनेकदा व्हेंट असतो. सिंकच्या ट्रॅपपासून ठरावीक अंतराच्या आत एक पाइप वर निघतो, भिंतीतून चढत छपराबाहेर जातो आणि तिथे उघडा राहतो. त्यातून पाणी जात नाही, फक्त हवा येते-जाते. भरलेलं सिंक सोडलं की पाण्याचा लोट पाइपातून पुढची हवा ढकलत आणि मागची हवा खेचत खाली जातो. मागून हवा मिळाली नाही तर तो ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतो. म्हणजे नियमाप्रमाणे बसवलेला चांगला ट्रॅपसुद्धा व्हेंटवाचून एस-ट्रॅपसारखाच वागायला लागतो. सिंक रिकामं होता होता शेवटी जो गुडगुड आवाज येतो, ती बऱ्याचदा याचीच तक्रार असते.

आता मधल्या ओट्याजवळ भिंतच उरलेली नाही, तर हा पाइप न्यायचा कुठून? मार्ग आहेत. ओट्याच्या आतल्या आत पाइप जमेल तेवढा उंच न्यायचा, वळवून परत खाली आणायचा आणि जमिनीखालून जवळच्या भिंतीपर्यंत पोचवायचा. हे किचकट काम आहे, त्यासाठी जमीन उघडावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे हवा आत घेणारा पण बाहेर न सोडणारा झडपेचा व्हेंट. तो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणचे अधिकारी मान्य करत नाहीत. यांतलं काय केलं, त्यासाठी किती दिवस गेले, ओट्याच्या किमतीत किती भर पडली, हे समजून सांगणारा सूत्रसंचालक विरळाच. भिंत पाडण्याचं दृश्य मात्र जवळजवळ प्रत्येक भागात असतं. म्हणजे ज्या कृतीने प्लंबिंगचा सगळ्यात अवघड प्रश्न उभा राहतो ती सणासारखी साजरी करायची, आणि त्याचं उत्तर संपादनाच्या टेबलावर कापून टाकायचं.

टॉयलेट हलवण्याचंही तसंच. डिझायनर बाई हाताने हवेत चौकोन काढून म्हणतात, कमोड त्या भिंतीला नेऊ, इथे मोठा टब ठेवू. अमेरिकन घरं लाकडी सांगाड्याची. वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर बसलेली असते. बाजारात दोन बाय दहा म्हणून मिळणारी तुळई प्रत्यक्षात सव्वानऊ इंच उंच असते. निवासी बांधकामाच्या नियमाप्रमाणे तिला भोक पाडायचं तर उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं चालत नाही, म्हणजे जेमतेम तीन इंच. कमोडचा पाइप कमीत कमी तीन इंची लागतो आणि त्याचा बाहेरचा व्यास साडेतीन इंच असतो. हिशेब इथेच संपतो. अशा तुळयांना आडवा तो पाइप नियमात राहून नेताच येत नाही. खालच्या खोलीचं छत थोडं उतरवावं लागतं किंवा तुळयांची रचना बदलावी लागते. शिवाय पाइपाला ढाळ हवा. टबाच्या दोन इंची पाइपाला फुटामागे पाव इंच, म्हणजे बारा फुटांवरून पाणी आणायचं तर तीन इंच उतार आला, आणि तो त्याच तुळयांच्या उंचीतून काढायचा. करवत घेऊन तुळई कापणारा माणूस टीव्हीवर कामसू दिसतो. प्रत्यक्षात तो जमिनीचा जीव कापत असतो.

मुंबई-पुण्यातल्या वाचकाला हे थोडं परकं वाटेल. आपल्याकडे पाइप बहुधा इमारतीच्या बाहेरून किंवा डक्टमधून जातात, गळाले तर भिंतीवर हिरवा ओघळ उमटतो आणि सोसायटीच्या सभेला विषय मिळतो. अमेरिकेत थंडीने पाइपातलं पाणी गोठतं, म्हणून सगळं भिंतींच्या पोटात. गळती लाकडात आणि जिप्समच्या बोर्डात जिरते. बुरशीचा वास यायला लागतो तेव्हा लाकूड आतून मऊ झालेलं असतं.

या कार्यक्रमांत प्लंबिंग अगदीच नसतं असं नाही. ते एका ठरलेल्या जागी हमखास येतं, साधारण मध्यावर, जाहिरातीच्या ब्रेकच्या आधी. ठेकेदार गंभीर चेहऱ्याने मालकांना बोलावतो. भिंत उघडली, आत जुने गंजलेले पाइप निघाले, एवढे हजार डॉलर जास्त लागतील. नवराबायको एकमेकांकडे बघतात. मग ठरतं की ओट्यामागच्या महागड्या लाद्या रद्द करायच्या. प्रेक्षकाच्या मनावर काय ठसतं? पाइप म्हणजे वाईट बातमी, लाद्यांचे पैसे खाणारी. घराचा जो भाग रोज वापरात असतो आणि ज्याच्यावर घराचं आरोग्य अवलंबून आहे, तो या कथेत खलनायक होतो. असे शंभर भाग बघितलेला माणूस घरी प्लंबर आला की त्याच्याकडे याच नजरेने बघतो. दर ऐकून त्याला आपण लुबाडले जातोय असं वाटतं, आणि दोन दिवस लागतील हे ऐकून तर खात्रीच पटते.

दोन दिवस म्हटलं की बीबीसीचा 'चेंजिंग रूम्स' आठवतो. 1996 मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात शेजारी एकमेकांची खोली दोन दिवसांत, 500 पौंडांत बदलायचे. एका भागात टांगती फडताळं कोसळली आणि त्यांच्यावर मांडलेला चहाच्या जुन्या किटल्यांचा संग्रह फुटला. ब्रिटिश लोक ते दृश्य अजून विसरलेले नाहीत. फडताळं चित्रीकरणाच्या काळातच पडली म्हणून ती टीव्हीवर आली. सावकाश मोडणाऱ्या गोष्टींना हे भाग्य लाभत नाही. पुढे अमेरिकेत एबीसीवरच्या 'एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन'ने अख्खं घर सात दिवसांत उभं करून दाखवलं. शेकडो माणसं, रात्रंदिवस पाळ्या, शेवटी घरासमोर उभी केलेली बस बाजूला करून घर दाखवायचं. त्या माणसांच्या कष्टांबद्दल आणि हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या कार्यक्रमाने वेग हाच गुण ठरवला, आणि प्लंबिंगच्या कामात वेळ हा कामाचाच भाग असतो.

शॉवरखालचं अस्तर घातलं की निचऱ्याचं भोक बुजवून त्यात पाणी भरतात आणि ते राहतं का बघतात. नियमाप्रमाणे किमान पंधरा मिनिटं, पण जाणती माणसं चोवीस तास ठेवतात. सांडपाण्याच्या पाइपांत ठरावीक उंचीच्या पाण्याचा दाब पंधरा मिनिटं धरून सांधे तपासतात. त्यानंतर तपासनीस येईपर्यंत भिंती उघड्याच ठेवायच्या. या थांबण्यात बघण्यासारखं काही नाही. माणूस उभा आहे, पाणी उभं आहे, कोणी काही बोलत नाही. टीव्हीला हे सगळ्यात नकोसं. म्हणून चाचणी कापली जाते, आणि कापता कापता ती कामातूनही गळण्याची भीती असते, कारण उद्या लादीवाला येणार आहे आणि परवा चित्रीकरण आहे.

पीव्हीसीचे सांधे बघा. तिथल्या पद्धतीप्रमाणे सोल्युशन लावण्याआधी पाइपाला जांभळा प्रायमर लावतात. रंग मुद्दाम जांभळा ठेवलाय, तपासनीसाला लांबून दिसावा म्हणून. मग सोल्युशन लावून पाइप बसवताना पाव फेरा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. चांगल्या सांध्याभोवती जांभळे ओघळ असतात, दिसायला गचाळच. टीव्हीवरचे सांधे पुष्कळदा पांढरेशुभ्र असतात. प्लंबर लोक नेमके त्यालाच हसतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. टीव्ही सगळंच आटोपशीर करून दाखवतो. स्वयंपाकाच्या कार्यक्रमात तासभर शिजणारी डाळ क्षणात पुढे येते, म्हणून कोणी कच्ची डाळ खात नाही. प्रेक्षक इतका भोळा नसतो. खरं आहे. पण कच्ची डाळ पहिल्या घासाला कळते, आणि ती खाणारा बहुधा शिजवणाराच असतो. व्हेंट नसलेलं सिंक पहिल्या दिवशी झकास चालतं, आणि त्याचा त्रास दोन मालकांनंतरच्या कुटुंबाला होतो. चूक आणि शिक्षा यांच्यात एवढं अंतर पडलं की अनुभवातून शहाणपण येत नाही. अशा वेळी दाखवणाऱ्यावरच जास्त जबाबदारी येते.

आणि नीट दाखवता येतं, याचा पुरावाही आहे. 1979 मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने 'धिस ओल्ड हाउस' सुरू केलं, निर्माता रसेल मोरॅश. पहिलं घर बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातलं. एकाच घराचं काम अनेक भागांत चालायचं, त्यामुळे आठवड्यामागून आठवडा प्रेक्षकाला तीच भिंत आधी उघडी, मग पाइपांसकट, मग बंद झालेली दिसायची. रिचर्ड ट्रेथवी हे प्लंबिंग आणि हीटिंगचे जाणकार, उघड्या भिंतीपुढे उभं राहून पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे शांतपणे सांगायचे. गंमत अशी की ज्या मॅसेच्युसेट्स राज्यात हा कार्यक्रम बनायचा, तिथे घरमालकाला स्वतःच्या घरातलं प्लंबिंगसुद्धा करायला कायद्याने मनाई आहे. परवानाधारक प्लंबरच लागतो. म्हणजे तिथल्या प्रेक्षकासाठी ते शिक्षण नक्कल करण्यासाठी नव्हतंच. त्यातून तयार व्हायचा तो जाणता गिऱ्हाईक, प्लंबरला नेमका प्रश्न विचारू शकणारा. नव्वदच्या दशकात 'होम इम्प्रूव्हमेंट' या विनोदी मालिकेने या प्रकाराची टर उडवली. त्यात बडबड्या सूत्रसंचालक सगळं उडवून लावतो आणि बाजूला उभा असलेला दाढीवाला मदतनीस काम जाणतो. पुढच्या वीस वर्षांत खऱ्या वाहिन्यांवर तो सूत्रसंचालकच जास्त दिसला, मदतनीस मागे पडला.

कॅनडाचे माइक होम्स यांचा कार्यक्रम थोडा वेगळा. दुसऱ्याने बिघडवलेलं काम उघडायचं आणि मुळापासून नीट करायचं. पाइप तिथे नायकाच्या जवळपास पोचतात, याबद्दल होम्स यांचं कौतुकच. पण तिथेही दोष एका पळून गेलेल्या ठेकेदाराचा असतो आणि उद्धार एका दणकट पुरुषाच्या हातून होतो. तपासणीची व्यवस्था काय करत होती, मालकाने सगळ्यात कमी दर देणारा माणूस का निवडला, या प्रश्नांच्या फार खोलात तो कार्यक्रम जात नाही.

तपासणीच्या व्यवस्थेबद्दल हे कार्यक्रम एकूणच अढी ठेवून असतात. परवाना म्हणजे उशीर, तपासनीस म्हणजे विघ्न. पण एकदा चित्रीकरणच व्यवस्थेच्या हाती लागलं. 'फिक्सर अपर' हा टेक्सासातल्या वेको गावचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याची दृश्यं तपासली तेव्हा जुन्या घरांतला शिशाचा रंग हाताळताना घ्यायची काळजी त्यांत दिसली नाही. 2018 मध्ये कार्यक्रमातली घरं दुरुस्त करणाऱ्या कंपनीने 40,000 डॉलर दंड भरून समझोता केला आणि वेकोतल्या घरांमधला शिशाचा रंग हटवण्यासाठी 1,60,000 डॉलर खर्च करायचं मान्य केलं. प्रकरण रंगाचं आहे, पाइपांचं नाही. पण जे पडद्यावर दिसत नाही ते प्रत्यक्षातही झालं नसेल, ही शंका सरकारी संस्थेलाही आली, एवढं त्यातून नक्की दिसतं. शिकागोतल्या 'विंडी सिटी रिहॅब'ची तऱ्हा आणखी वेगळी. परवान्यांच्या भानगडीवरून 2019 मध्ये शहराच्या इमारत विभागाने त्यांची कामं थांबवली, आणि वाहिनीने पुढच्या पर्वात त्या कटकटीचंच कथानक केलं. उल्लंघनालाही टीआरपी असतो, हे मला त्या मूळ उल्लंघनापेक्षा जास्त चिंतेचं वाटतं.

ब्रिटनमध्ये तर गॅसचं काम करायला नोंदणी लागते, पण पाण्याच्या नळाचं काम करणाऱ्या कोणालाही स्वतःला प्लंबर म्हणवून घेता येतं. अशा देशात टीव्ही हाच लोकांचा शिक्षक होतो.

हे कार्यक्रम आपल्याकडे केबलवरच्या परदेशी वाहिन्यांमधून आले, मग ओटीटीवर, आणि आता त्यांचा अर्क रील्समध्ये मिळतो. ओपन किचनची आवड त्यांच्याबरोबर आली. आपली बांधणी वेगळी. बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला, वर ब्रिकबॅट कोबा, त्यात नहाणी ट्रॅप. इथे बाथरूम फुटभर सरकवलं की ढाळ आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही बिघडतं, आणि भोगायला लागतं खालच्या मजल्यावरच्या काकांना. कोब्यावर पाणी भरून दोन दिवस ठेवा म्हटलं की इंटिरियरवाला हसतो. दिवाळीच्या आत ताबा द्यायचा असतो.

थेट फटका बसतो तो तिकडे घर घेणाऱ्या मराठी मंडळींना. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात टीव्हीच्या साच्यातून काढल्यासारखी घरं बाजारात आहेत. जुनं घर स्वस्तात घ्यायचं, करड्या लाद्या आणि पांढरा ओटा बसवून काही महिन्यांत विकायचं. विकत घेण्याआधी आपण जो इन्स्पेक्टर नेमतो तो भिंती उघडत नाही, त्याला ती मुभाच नसते. तो नळ सोडतो, फ्लश ओढतो, बेसिनखाली बॅटरी मारतो. त्याच्यासोबत आपणही खाली वाकून बघावं. नळ सोडून गुडगुड ऐकावी. कमोडला दोन्ही हातांनी हलकेच हलवून बघावं. नव्या लाद्यांनी जमीन उंच झाली आणि कमोड जिच्यावर बसतो ती खालची फ्लँज जुन्याच पातळीला राहिली, तर मेणाची कडी नीट बसत नाही आणि कमोड डुलतो. मधल्या ओट्यातलं सिंक असेल तर व्हेंट कुठून नेला हे विचारावं. आणि न्यू जर्सीत नगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली अर्ज करून त्या पत्त्यावरचे परवाने आणि तपासण्यांचे कागद मागता येतात. घरात दोन नवी बाथरूम्स आहेत आणि कागदांत प्लंबिंगचा परवानाच नाही, असं निघालं, तर ऑफर देण्याआधी विक्रेत्याकडून त्याचं लेखी उत्तर घ्यावं.